गाडीच्या रंगावरचं जाळं: ओरखडे का पडतात, कसे काढायचे आणि कसे टाळायचे

आजचा आपला विषय तसा घरगुती आहे: गाडीचा रंग. इंजिन नाही, मायलेज नाही, फक्त वरचा रंग. शोरूममधून आणलेली काळी किंवा गडद निळी गाडी पहिल्या दसऱ्याला आरशासारखी दिसते. दुसरा-तिसरा दसरा येईपर्यंत त्याच गाडीच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याचं जाळं दिसायला लागतं. या बारीक ओरखड्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. पुष्कळांना वाटतं, गाडी जुनी झाली, रंग उडाला. रंग जागेवरच असतो. त्याच्यावर हजारो बारीक चरे पडलेले असतात, आणि ते बहुतेक वेळा गाडी चालवताना नव्हे, तर स्वच्छ करताना पडलेले असतात.

तेव्हा आज तीन प्रश्न घेऊ. हे ओरखडे नेमके कुठे पडतात? ते काढतात म्हणजे काय करतात? आणि पुन्हा पडू नयेत म्हणून काय करायचं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, पण तो समजायला पहिले दोन लागतात.

गाडीचा पत्रा आणि आपला हात यांच्यामध्ये चार थर असतात. पत्र्याला लागून गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. १९८०च्या दशकापासून ही पद्धत जगभर रुळत गेली. त्याआधीच्या गाड्यांना रंग आणि चमक एकाच थरात असायची. म्हणून जुनी गाडी पॉलिश केली, की फडक्याला तिचा रंग लागायचा. आजच्या गाडीच्या फडक्याला रंग लागत नाही, कारण आपण रंगाला हातच लावत नसतो. आपला सगळा व्यवहार वरच्या पारदर्शक थराशी चालतो.

हा थर किती जाड असतो? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉन धरला, तर गाडीचं ऊन, पाऊस, धूळ सगळं झेलणारा हा थर केसापेक्षाही पातळ आहे. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यंही यातच मिसळलेली असतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जाळं गोल का दिसतं? पुष्कळजण म्हणतात, पुसणारा गोल-गोल हात फिरवतो म्हणून. एक प्रयोग करा. रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरा आणि हळूहळू सरकवा. जाळ्याचं केंद्र टॉर्चबरोबर सरकतं! ओरखडे खरोखर गोल असते, तर ते जागेवर राहिले असते. खरं म्हणजे तिथे सगळ्या दिशांचे चरे असतात. त्यातले जे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे पडतात, तेवढेच आपल्या डोळ्याकडे प्रकाश फेकतात. बाकीचे दिसत नाहीत. आडवे चरे मिळून वर्तुळाचा भास होतो. घरातलं जुनं स्टीलचं ताट दिव्याखाली धरा, हेच दिसेल. म्हणजे सरळ हाताने पुसलं तरी ओरखडे पडतातच. हाताची दिशा दुय्यम. प्रश्न आहे तो फडक्याखाली काय अडकलंय याचा.

आणि अडकलेली असते धूळ. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात. कठीणपणाच्या मोह्‌ज मापावर क्वार्ट्‌झ ७ वर आहे, साधी काच साडेपाचच्या आसपास. जो कण काचेला चरा पाडतो, त्याच्यापुढे क्लिअर कोट म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच. तो काय टिकणार? कोरड्या धुळीवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे अगदी बारीक पॉलिशपेपर फिरवणंच आहे.

आता दुसरा प्रश्न. ओरखडे काढतात म्हणजे काय? अनेकांची समजूत अशी, की पॉलिशने ओरखडा भरून निघतो. सुताराकडे जा. फळीवर खोल चरा असेल तर तो काय करतो? रंधा मारतो. चरा भरत नाही; आजूबाजूचं लाकूड चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतो. पॉलिशिंग म्हणजे क्लिअर कोटवर मारलेला रंधा. दर खेपेला थोडा थर कायमचा जातो. हलक्या पॉलिशला एक-दोन मायक्रॉन, जोरकस कंपाउंडला त्याहून जास्त. हे असं बँकखातं आहे, ज्यात कारखान्याने एकदाच पैसे भरले. त्यानंतर फक्त काढता येतात, भरता येत नाहीत.

खातं रिकामं झालं की काय होतं, तेही पाहून ठेवा. टपावर आणि बॉनेटवर पांढरट डाग येतात, मग पापुद्रे सुटतात. मग पॉलिश उपयोगाचं नाही, तो भाग पुन्हा रंगवावा लागतो. कारखान्यात नुसत्या सांगाड्यावर हा थर साधारण १३० ते १४० अंश सेल्सिअसला भाजून पक्का करतात. गॅरेजमध्ये गाडीत वायरिंग, रबर, प्लॅस्टिक सगळं बसवलेलं असतं. तिथे ६०-७० अंशांच्या फार वर जाता येत नाही. म्हणून तिथे वेगळी रसायनं वापरावी लागतात. चांगला रंगारी उत्तम काम करतो, पण मूळ थर तो मूळच.

म्हणून ओरखडे काढताना आमचा पहिला नियम असा: कमीत कमी घासून भागत असेल, तर तेवढंच घासायचं. क्रम असा. गाडी स्वच्छ धुवायची. मग ओल्या पृष्ठभागावर क्ले बार फिरवायचा. ही मातीसारखी मऊ वडी असते, ती रंगात रुतलेले लोखंडी कण, डांबराचे ठिपके उचलते. वडी खाली पडली तर टाकून द्यायची, तिला लागलेली माती पुन्हा रंगावर नको. मग सावलीत, थंड पत्र्यावर टॉर्च धरून तपासायचं. नख फिरवून पाहायचं. नख अडकलं तर चरा खोल आहे. तो घालवायचा हट्ट धरू नका, कारण त्याच्या तळापर्यंत रंधा मारला तर खातंच संपेल. त्याची धार थोडी मऊ करून सोडून द्यायचा.

रबर आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना चिकटपट्टी लावायची. मग दीड-दोन फुटांच्या चौकोनात चाचणी: मऊ पॅड आणि बारीक पॉलिश आधी. भागलं तर छान. नाही भागलं, तरच एक पायरी चढायची. नवख्यांनी ड्युअल ॲक्शन मशीन वापरावं. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि डोलतंही. जास्त दाबलं तर फिरणं थांबतं, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. रोटरी मशीन झपाट्याने काम करतं, पण अननुभवी हातात रंग जाळतं आणि होलोग्राम नावाचे नवे पट्टे मागे ठेवतं. कडा आणि दुमडींपासून लांब राहा. तिथे थर मुळात पातळ असतो आणि सगळा दाब तिथेच येतो.

काम झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल पाणी मिसळून हलक्या हाताने फिरवा. यामागे कारण आहे. काही पॉलिशमध्ये तेलं असतात, ती चऱ्यांत बसतात आणि चरे गेल्याचा आभास होतो. दोन-तीन धुण्यांत जाळं परत येतं. तेल पुसल्यावरही जाळं दिसलं नाही, तरच ते गेलं म्हणायचं. बाहेरून 'रबिंग-पॉलिशिंग' करून घेत असाल तर दोन गोष्टी विचारा: रंगाची जाडी मोजणार का? आणि अल्कोहोलने पुसून दाखवणार का? जाडी मोजायचं यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. तरी एखादा दरवाजा इतरांपेक्षा फार वेगळा आकडा दाखवत असेल, तर तो आधी रंगवलाय किंवा आधीच घासून झालाय हे कळतं. आणि दर सर्व्हिसिंगला 'करून टाका साहेब' म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

आता तिसरा प्रश्न, निगेचा. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत सकाळी काय चालतं? एक माणूस, एक बादली, एक फडकं आणि वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीवर जाते. पण यात त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याला थोडे पैसे देऊन रोज गाडी पुसलेली दिसली पाहिजे, ही अट आपली असते. आमची सूचना अशी: त्याच्याशी बोला. म्हणा, 'दादा, पैसे तेवढेच, पण रोज पुसू नका. आठवड्यातून दोनदाच, पण या पद्धतीने धुवा.' त्याचे पैसे कमी होत नाहीत, फेऱ्या कमी होतात. आपल्या गाडीचे मायक्रोफायबरचे कापड आणि मिट आपण वेगळे द्यायचे. रोजच्या धुळीने रंग खराब होत नाही. ती धूळ रोज घासल्याने होतो.

पद्धत सोपी आहे. आधी नुसतं पाणी मारून मोकळी धूळ खाली जाऊ द्यायची. दोन बादल्या घ्यायच्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मिट शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच पुन्हा शाम्पूत. टपापासून सुरुवात, खालचे चिखलाचे भाग शेवटी, चाकांचं कापड वेगळं. पुसताना घासू नका, कापड पसरून पाणी टिपून घ्या. कापड जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. भांड्यांचा साबण वापरू नका, तो वॅक्स काढून टाकतो. आणि उन्हात धुवू नका. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार पत्र्यावर वाळून पांढरे ठिपके पडतात.

उन्हाळ्यात टँकर चालू असताना एवढं पाणी कुठून आणायचं, हा रास्त प्रश्न आहे. त्यासाठी रिन्सलेस वॉश मिळतो. अर्ध्या बादलीत थोडं द्रावण टाकायचं, त्यात सात-आठ कापडं भिजवायची. प्रत्येक घडीची स्वच्छ बाजू एकदाच वापरायची, सगळ्या बाजू संपल्या की नवं कापड. द्रावण कणांना वेढून घसरतं ठेवतं. मात्र पावसाळ्यातल्या चिखलाच्या गाडीवर हे करू नका.

आणखी काही सवयी. पक्ष्याची विष्ठा दिसली की ओलं कापड ठेवून मऊ करा, मग उचला. आम्लामुळे उन्हात तिचा ठसा क्लिअर कोटमध्ये उतरतो. धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्यात ते कव्हरच फडकं होतं. दसऱ्याला पूजा जरूर करा. हळद-कुंकू शक्य तर काचेवर लावा, आणि झेंडूची माळ गाडी निघण्याआधी उतरवा, नाहीतर ती वाऱ्याने बॉनेटवर घासत राहते.

शेवटी कोटिंग. वॅक्स काही आठवडे टिकतं, सीलंट काही महिने, सिरॅमिक कोटिंग चांगलं लावलं तर काही वर्षं. सिरॅमिकने पाणी आणि घाण चिकटत नाही, धुणं सोपं होतं. हा खरा फायदा. पण '९एच कठीण, ओरखडे पडणारच नाहीत' हे ऐकलं तर एक लक्षात ठेवा: ते ९एच पेन्सिलींच्या मापावरचं आहे, मोह्‌ज मापावरचं नाही. वाळूचा कण त्यालाही चरा पाडतो. पेंट प्रोटेक्शन फिल्म जाड असते, बारीक चरे स्वतःवर घेते, पण महाग पडते. आणि कुठलंही कोटिंग जाळ्यावर लावलं, तर जाळं त्याच्याखाली तसंच राहतं.

आलेल्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर देऊन थांबतो. 'टूथपेस्टने ओरखडे जातात का?' टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्यामुळे एखादा बारीक चरा फिका होईलही. पण ते कण दातांसाठी निवडलेले आहेत, रंगासाठी नाहीत, आणि आपण किती थर काढला ते कळत नाही. ४०-५० मायक्रॉनच्या खात्यातून असा न मोजता खर्च कशाला करायचा? त्यापेक्षा दुसरी बादली आणा.