पानथरीतली गाठ आणि पोटातले बाळ

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळ ठीक असल्याचे कळते, पण त्याच कागदावर खाली एक ओळ असते, 'स्प्लीनमध्ये सिस्ट'. डॉक्टर घाईत म्हणतात, "डाव्या बाजूला पाण्याची पिशवी दिसतेय." बाईला वाटते, बाळाचीच पाण्याची पिशवी. घरी कुणीतरी 'गाठ' म्हणते, आणि वस्तीत गाठ म्हटले की पहिला अर्थ कॅन्सर. मग कुणी पोट पाडायचा सल्ला देते, कुणी पोट चोळायला बाई शोधते. भगिनींनो, यातले काहीही करायचे नाही.

स्प्लीन म्हणजे आपली पानथरी. ती डाव्या बरगड्यांखाली असते, जुन्या रक्तपेशी गाळते आणि जंतूंशी लढते. तिच्यात कधी पाण्याने भरलेली पोकळ गाठ होते, ती सिस्ट. हा आजार क्वचित दिसतो आणि ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. गर्भपिशवी वेगळी, पानथरी वेगळी.

काहींना ही गाठ जन्मापासून असते. काहींना जुन्या मारातून होते. पडल्याने, अपघाताने किंवा बरगडीखाली बसलेल्या लाथेने पानथरीत रक्त साकळते आणि पुढे त्याचे पाणी होते. डॉक्टर विचारतात, "कधी मार लागला होता का?" नवरा शेजारी उभा असतो, बाई "नाही" म्हणते. अशा वेळी डॉक्टरांशी किंवा आशाताईंशी एकटीने बोलावे. गाठ असलेल्या पानथरीला पुन्हा मार बसला तर ती फुटू शकते. तिसरा प्रकार हायडॅटिडचा. हा जंत कुत्र्याच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून आणि भाजीतून पोटात जातो. म्हणून बकऱ्याची कच्ची आतडी-काळीज कुत्र्यांपुढे टाकू नये. या गाठीला सुई टोचणे धोक्याचे असते, आणि तिच्यावरचे जंताचे औषध पहिल्या तीन महिन्यांत सहसा देत नाहीत. दुकानातून आणून तर मुळीच घेऊ नये.

आता मापाचे. गाठ 5 सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा लहान असेल आणि त्रास नसेल, तर साधारणपणे ऑपरेशन लागत नाही. अधूनमधून सोनोग्राफी करून ती वाढते का, एवढे पाहतात. म्हणून कागदावरचे माप विचारून घ्या आणि प्रत्येक वेळी जुना कागद सोबत न्या. जुने माप समोर नसेल, तर गाठ वाढली की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. गाठ मोठी असेल, वाढत असेल किंवा दुखत असेल, तर सर्जन आणि प्रसूतीचे डॉक्टर मिळून ठरवतात. ऑपरेशन लागलेच तर चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात बरा. शक्य तेवढी पानथरी वाचवतात. पूर्ण काढावी लागली तर न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लसी घ्याव्या लागतात. त्यांचे कार्ड जपून ठेवावे, कारण पानथरी नसलेल्या माणसाला पुढे आयुष्यभर साधा तापही अंगावर काढता येत नाही.

डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ, ती डाव्या खांद्यापर्यंत जाणे, चक्कर, घाम, अंग पांढरे पडणे, ही गाठ फुटल्याची लक्षणे असू शकतात. 'बाळंतपणाच्या कळा असतील' म्हणून थांबू नका. 108 ला फोन करा आणि गाठीचे आधी सांगा.

नुसती गाठ आहे म्हणून सिझर करावेच लागते असे नाही. पण बाळंतपण घरी नको. जिथे सर्जन आणि रक्तपेढी दोन्ही आहेत अशा दवाखान्यात सातव्या महिन्यातच नाव घाला. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तपासण्या, औषधे, रक्त, सिझर आणि गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची डॉक्टरांकडून खास तपासणी होते, त्या दिवशी हा कागद दाखवता येतो.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक. आपल्या घरांत सिकलसेल बराच आहे आणि तोही पानथरीवर घाव घालतो. तो आजार वेगळा आहे, पण गरोदरपणात त्याची तपासणी झालीच पाहिजे, आणि नवऱ्याचीही.

बाळंतपण झाल्यावर गाठ विसरली जाते. बाळाच्या लसीला जाल तेव्हा स्वतःच्या सोनोग्राफीची तारीखही विचारून या.