लिलावातला नमुना आणि बंदोबस्तावरची एसएलआर
(शस्त्रांची घडण : लेखांक ९)

मागच्या लेखांकात आपण थ्री नॉट थ्री (.३०३) रायफलीचा बोल्ट उघडून पाहिला. त्यावर आंबिवलीहून एका वाचकाने विचारलं आहे : अमेरिकेतल्या लिलावांत दुसऱ्या महायुद्धातल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींचे प्रयोगी नमुने विकायला येतात. त्यांचं एवढं मोल कशाचं, आणि हौशी माणसाला तसा एखादा इकडे आणता येईल का?

आधी मोलाचं बघू. कारखान्यात लाखांनी निघणाऱ्या रायफलीचा प्रत्येक भाग दुसरीला बसतो. नमुन्याचं तसं नसतं. टूलरूममधला फिटर कानस मारून एकेक भाग जुळवतो आणि चाचणीत काही तुटलं की तेवढंच बदलतो. एका नमुन्याचा बोल्ट शेजारच्या नमुन्यात बसेलच असं नाही. अशा रायफली निघतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, फार तर काही डझन. त्यातल्या बऱ्याच चाचणीत मोडतात, उरलेल्या भंगारात जातात. जपानने अमेरिकी गॅरंड रायफलीची नक्कल करून योकोसुकाच्या नौदल कारखान्यात आपली रायफल घडवायला घेतली. मोजक्याच तयार होतात तोवर १९४५ उजाडलं आणि युद्धच संपलं. त्या आता संग्राहकांच्या स्वप्नात येतात.

मला मात्र दुसराच एक नमुना जास्त मोलाचा वाटतो, कारण त्याचं घराणं थेट आपल्यापर्यंत पोचलं आहे.

द्यूदोने सेव्ह हा बेल्जियमच्या एफएन कारखान्यातला अभियंता. शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग गेल्यावर त्याचं अर्धवट राहिलेलं पिस्तूल, म्हणजे १९३५चं हाय-पॉवर, पूर्ण करणारा तोच. मे १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम घेतलं. सेव्ह निसटून इंग्लंडला गेला आणि एनफिल्डच्या ब्रिटिश शस्त्रकारखान्यातल्या मंडळींसोबत त्याने आपल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचं राहिलेलं काम पुन्हा हाती घेतलं. तिथे घडलेल्या नमुन्याला ‘स्लेम’ म्हणतात.

गंमत म्हणजे इंग्रजांच्या घरात बनलेली ही रायफल इंग्रजांचं .३०३ काडतूस खात नव्हती. ती जर्मन मापाच्या ७.९२ मिमी काडतुसाची होती. कारण साधं आहे. .३०३च्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की ते अडकतं. हाताने बोल्ट ओढणारा शिपाई ते सांभाळून घेतो, आपोआप चालणारं यंत्र घेत नाही. ७.९२च्या काडतुसाला तशी बाहेर आलेली कड नाही, आणि रणगाड्यांवरच्या बेसा मशीनगनसाठी ब्रिटनमध्ये ते बनतही होतं.

आता यंत्र. चाप ओढला की गोळी नळीतून सुटते आणि तिच्या मागे जळलेल्या दारूचा वायू धावतो. नळीला वरच्या बाजूने एक बारीक भोक असतं. त्यातून थोडा वायू वरच्या नळकांड्यात शिरतो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या बोल्टच्या वाहकाला धक्का देतो. बोल्टचं मागचं टोक एका खाचेत खाली टेकून कुलूपबंद असतं. वाहक ते उचलतो, बोल्ट मोकळा होऊन मागे जातो आणि रिकामी पुंगळी बाहेर उडते. मग स्प्रिंग सगळं पुढे लोटते, जाता जाता नवं काडतूस नळीत बसतं. मात्र पुढची गोळी आपसूक सुटत नाही, चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. म्हणून ही सेमी-ऑटोमॅटिक.

युद्धानंतर सेव्ह मायदेशी परतला. स्लेममधून एफएनची १९४९ची रायफल आली, तिच्यातून एफएएल, आणि एफएएलवरून ईशापूरच्या कारखान्यातली ७.६२ मिमीची १ए१, म्हणजे आपली एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल). १९६२च्या चीन युद्धात आपले जवान बोल्ट ओढत होते आणि समोरच्या चिन्यांकडे सेमी-ऑटोमॅटिक होत्या. एसएलआर हाती यायला ती ठेच लागावी लागली. पुढे पुण्याच्या पाषाणमधल्या ‘एआरडीई’ या शस्त्रसंशोधन संस्थेने आखलेली इन्सास रायफल आली आणि लष्करातली एसएलआर हळूहळू पोलिसांकडे उतरली. सणासुदीला कल्याण स्टेशनवर बंदोबस्ताच्या पोलिसाकडे लांब नळीची, वीस गोळ्यांच्या मॅगझिनची रायफल दिसली, तर तिच्या पोटात तोच तिरका होणारा बोल्ट आहे. तिच्या गोळ्यांशीही आपला संबंध आहे : जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा कारखाना १९६४ पासून काडतुसं करतो आहे, आणि काडतुसांसाठी लागणाऱ्या धातूचं काम अंबरनाथच्या आयुध निर्माणीत होतं. आंबिवलीकरांना कल्याणला गाडी बदलली की अंबरनाथ कितीसं लांब!

आता दुसरा प्रश्न : तसा नमुना इकडे आणता येईल का? उत्तर : नाही आणता येणार. अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी संग्राहकांचा वेगळा परवानाच आहे. पण खुद्द ब्रिटनमध्ये १९८७च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर, १९८८च्या कायद्याने, अशा रायफली खाजगी हातांतून गेल्या. एनफिल्डच्या पॅटर्न रूममधला नमुन्यांचा प्रचंड संग्रह आज लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे आहे. आपल्याकडे सैनिकी काडतुसाची सेमी-ऑटोमॅटिक रायफल ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये, म्हणजे प्रतिबंधित वर्गात मोडते, परवाना केंद्राच्या अखत्यारीत. परदेशातून बंदूक आणण्याची मुभा नामांकित नेमबाजांसारख्या मोजक्यांनाच. शस्त्र अधिनियमाच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्याच अधिनियमाच्या ४५व्या कलमात कालबाह्य आणि पुराणवस्तूमूल्याच्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्यांना. चालू स्थितीतला नमुना त्यात बसत नाही. मला हा कडकपणा योग्यच वाटतो. पण मग बघायची सोय तरी हवी. रणगाड्यांसाठी अहिल्यानगरला संग्रहालय आहे. पाषाण, अंबरनाथ इथल्या कामाचे नमुनेही लोकांना तसेच पाहायला मिळायला हवेत.

एक सूचना, जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांसाठी. माळ्यावर आजोबांची बंदूक सापडली आणि परवाना त्यांच्याबरोबरच संपला असेल, तर ती ‘अँटिक’ म्हणून विकायला काढू नका. अधिनियमाच्या २१व्या कलमानुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. वारसाला परवान्यासाठी अर्ज त्यानंतरही करता येतो.