नॉर्मल म्हणजे कुणाचे?

रक्ततपासणीचा कागद हाती आला की नजर आधी कुठे जाते? आपल्या आकड्याकडे आणि लगेच शेजारी छापलेल्या मर्यादेकडे. आकडा मर्यादेत असला की जीव भांड्यात पडतो. जरा बाहेर गेला की घरभर काळजी. ती मर्यादा कुणाचे रक्त पाहून ठरवली, हे मात्र आपण कधी विचारत नाही. मला वाटते, नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तरी हा प्रश्न विचारायलाच हवा.

मर्यादा ठरवण्याची रीत तशी साधी आहे. निदान १२० निरोगी माणसे निवडायची. स्त्री-पुरुषांत फरक पडत असेल तर प्रत्येक गटात तितकी. सर्वांचे रक्त एकाच पद्धतीने तपासायचे, आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून द्यायचे. उरलेले ९५ टक्के ज्यात बसतात ती मर्यादा. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतले पाच जण बाहेर पडणार, हे आधीच ठरलेले! एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर सगळे आकडे मर्यादेत असणारी निरोगी माणसे शंभरात जेमतेम छत्तीस निघतील. ‘नॉर्मल’ हा शब्द असा फसवा. तो सोडून ‘संदर्भमूल्य’ म्हणावे, असे फिनलंडच्या ग्रेसबेक आणि सारिस यांनी १९६९ सालीच सुचवले होते.

आता सातपुड्याकडे वळू. १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, भिल्ल आणि पावरा समाजाची वस्ती आहे. सिकलसेलवर आयुष्यभर काम करणारे पद्मश्री डॉ. सुदाम काटे यांच्या पाहणीत, राज्यात ज्या जमातींमध्ये या दोषाचे प्रमाण २० ते ३५ टक्के आढळले, त्यांत या दोन्ही आहेत. यातले बहुतेक जण नुसते वाहक. त्यांचे हिमोग्लोबिन सहसा इतरांसारखेच असते; त्यांना ओळखायला इलेक्ट्रोफोरेसिससारखी वेगळी तपासणी लागते. प्रत्यक्ष रुग्णाचे हिमोग्लोबिन मात्र एरवीही सात ते नऊच्या घरात असू शकते. छापील तेरा गाठण्यासाठी त्याला रक्त चढवत गेले, तर रक्त दाट होऊन उलट घात होण्याची भीती. त्याच्यासाठी खरा संदर्भ एकच : तो बरा असतानाचा त्याचाच आकडा.

मग नंदुरबारची स्वतंत्र मर्यादा काढावी का? जरूर काढावी. पण खरी मेख इथेच आहे. निरोगी म्हणून निवडायचे कुणाला? मजुरीसाठी गुजरातेत जाणारी, दिवसभर शेतात राबणारी बाई कामाला उभी राहते, एवढ्याने ती निरोगी ठरते काय? अंगात लोह कमी असलेल्या स्त्रियाच नमुन्यात घेतल्या, तर मर्यादा खाली घसरेल आणि दहा हिमोग्लोबिनही कागदावर ठीक दिसू लागेल. उपासमारीवर ‘नॉर्मल’चा शिक्का बसेल! म्हणून आधी लोह, बी-१२, जंतुसंसर्ग आणि सिकलसेल तपासायचे; त्यातून पार पडतील त्यांचेच आकडे धरायचे.

देशभरातील १ ते १९ वर्षांच्या मुलांबाबत हा प्रयत्न झाला आहे. कमतरता असलेली मुले वगळून संशोधकांनी काढलेली, २०२१ साली प्रसिद्ध झालेली हिमोग्लोबिनची किमान पातळी जागतिक आरोग्य संघटनेच्या पातळीपेक्षा बहुधा एक ते दोन ग्रॅमने कमी भरली. त्यावर वाद झाला. संघटनेने मात्र २०२४ साली प्रौढांसाठी पुरुषांना तेरा आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांना बारा हीच रेषा कायम ठेवली. रेषा उंच ठेवली तर निरोगी माणूस आजारी ठरतो, खाली आणली तर आजारी माणूस निरोगी. डोंगरातल्या बाईला दोन्ही महागात पडते.

तोवर आपल्या हाती काय आहे? घरातल्या प्रत्येकाचे जुने रिपोर्ट तारखेनुसार जपून ठेवावेत. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, त्याच वेळी तपासणी करावी. किंचित ढळलेल्या एका आकड्यापेक्षा वर्षागणिक तो कुठे सरकतो आहे, हे डॉक्टरांना दाखवावे. आणि सिकलसेलचा इतिहास घरात असेल, तर तो न विचारताच सांगावा. तो त्या छापील कागदावर कुठेच लिहिलेला नसतो.