कान्होजींचे आरमार उभे करताना

कान्होजी आंग्र्यांच्या काळचे आरमार लोकांपुढे साक्षात उभे करावयाचे, अशी कल्पना एखाद्या किनाऱ्यावरच्या उत्साही मंडळींनी काढली म्हणजे पहिली यादी होते ती फेट्यांची आणि तलवारींची. दुसरी होते ती निमंत्रित पाहुण्यांची. दोराची यादी बहुधा होतच नाही. आज मी आपल्यापुढे बोलणार आहे ते मुख्यतः या दोराविषयी.

‘जिवंत इतिहास’ म्हणून ज्याला संबोधतात, तो नाटकाहून निराळा. नाटकात नटाने वल्हे मारल्याचा भास केला की काम झाले. येथे वल्हे खरोखर मारावे लागते आणि होडी पुढे जावी लागते. 1957 साली ‘मेफ्लॉवर’ या सतराव्या शतकातील जहाजाची प्रतिकृती इंग्लंडहून अमेरिकेस शिडांच्या बळावर नेण्यात आली. झार पीटरच्या 1703 सालच्या ‘श्टांडार्ट’ या लढाऊ जहाजाची प्रतिकृती 1999 साली सेंट पीटर्सबर्ग येथे पाण्यात उतरली. आपल्याकडेही 2025 साली कारवारला ‘कौंडिण्य’ हे काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले जहाज नौदलात दाखल झाले. मात्र ते पाचव्या शतकाच्या नमुन्यावर बेतलेले. आपणांस हवे आहे ते अठराव्या शतकाच्या आरंभीचे कोकण.

तेव्हा प्रथम साल ठरवावे. 1679 मध्ये खांदेरीला तटबंदी घालणारे आरमार वेगळे आणि 1718 मध्ये तीच खांदेरी मुंबईकर इंग्रजांच्या हल्ल्यातून राखणारे वेगळे. आपण 1718 घेऊ. कान्होजी त्या वेळी सरखेल आहेत, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग त्यांच्या हाती आहेत, आणि मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून त्यांच्यावर दात खाऊन आहे.

या आरमाराची वर्णने शत्रूकडून अधिक मिळतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमांत भाग घेतलेल्या क्लेमेंट डाउनिंगचे पुस्तक 1737 साली निघाले. जहाजांचे नेमके वर्णन मात्र रॉबर्ट ऑर्म या इतिहासकाराचे. ते काही दशकांनंतरचे आहे, हे प्रेक्षकांना मोकळेपणी सांगावे. त्यात कमीपणा नाही. ऑर्म सांगतो की तीन डोलकाठ्यांची गुराब 300 टनांपर्यंत आणि दोन डोलकाठ्यांची 150 टनांपर्यंत असे. नाळ पुढे लांब व निमुळती. नाळेच्या बाजूस समोर रोखलेल्या दोन तोफा, 9 किंवा 12 पौंडी गोळ्याच्या. गलबत लहान, क्वचितच 70 टनांवर. त्याला 40 ते 50 वल्ही, आणि वजन हलके राहावे म्हणून पाटणी फाकलेल्या बांबूंची.

आता खरी गोष्ट येते. वारा पडला की ही गलबते दोर लावून गुराबेला ओढीत नेत आणि शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस आणून उभी करीत. पिछाडीकडे शत्रूच्या तोफा थोड्या. म्हणजे इंग्रजांचे अवजड जहाज शिडे लोंबकळत उभे असताना हे हलणार, ते कोणाच्या बळावर? वल्हेकऱ्यांच्या, आणि मध्ये ताणलेल्या त्या दोराच्या! या चाळीस-पन्नास माणसांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. प्रयोगात त्यांना मागे बसवून पुढे तलवारी परजल्या, तर आपण त्यांना दुसऱ्यांदा विसरलो असे होईल.

म्हणून तालमीचा पहिला महिना वल्ह्यांचा. चार जणांचा ताल जमणे सोपे, चाळीसांचा नव्हे. दोर काथ्याचाच घ्यावा. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवायची, मग कुटून तंतू काढायचे आणि वळायचे. हे काम जमल्यास लोकांसमोरच करावे. काथ्या खाऱ्या पाण्याला दाद देत नाही आणि तरंगतो. नायलॉनचा दोर हाताला मऊ लागतो, पण त्याने सारा प्रयोग खोटा पडतो. शीड व वल्ही यांवरच ज्यांनी होडी हाकली असे म्हातारे खलाशी अजून एखाद्या बंदरात भेटतील. त्यांना प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवू नये, सुकाणूवर बसवावे.

बारीकसारीक गोष्टींत फसगत फार होते. कुलाबा किल्ल्यावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत आणि लोक त्यांना आंग्र्यांच्या समजून नमस्कार करतात. पण त्यांवर नाव आहे यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचे, आणि तो कारखाना निघाला 1791 साली. शिधा भात, नाचणी, सुकी मासळी, नारळ, कोकम असा ठेवावा. चहा, टोमॅटो, आगकाडी बाद. विस्तवासाठी चकमक, बंदुकीला पेटता तोडा. कृत्रिम रंग 1856 नंतरचे, तेव्हा झगझगीत गुलाबी फेटा कितीही शोभला तरी पेटीत ठेवावा. भाषेतही तसेच. नाखवा फारसी, खलाशी आणि सुकाणू अरबी, आणि गुराब म्हणजे तर अरबीत कावळा! दर्यावर ‘शुद्ध’ मराठी बोलवून घेण्याचा अट्टाहास करणाऱ्यांनी किनाऱ्यावरच थांबावे.

लढाईपेक्षा एक प्रवेश मला अधिक मोलाचा वाटतो, तो दस्तकाचा. इंग्रज कान्होजींना चाचा म्हणत. कान्होजींचे म्हणणे असे की या किनाऱ्यावरून जाणाऱ्याने आमचे दस्तक घ्यावे. पोर्तुगीज आपले परवाने विकतच होते. मग सरखेलांनी दिले तर तो गुन्हा कसा? एक मचवा अडवावा. कारकून कागद मागतो, व्यापारी हुज्जत घालतो, माल मोजला जातो. रक्त न सांडता प्रेक्षकाला कळते की भांडण लुटीचे नव्हते, समुद्रावर हुकूम कोणाचा याचे होते.

सुरक्षिततेत मात्र अठरावे शतक आणू नये. दारूचा बार करावयाचा तर सरकारी परवाना आणि जाणता माणूस हवा. गोळा कधीही भरू नये. पोहणारे आणि इंजिनाची होडी जवळ असावी, दिसली तरी हरकत नाही.

दिवस नारळी पौर्णिमेनंतरचा, पाऊस ओसरल्यावरचा निवडावा, आणि पंचांगात तिथी पाहून. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ फार; नवख्या वल्हेकऱ्यांना अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे पाणी बरे. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडावे, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतावे. कुलाब्यास ओहोटीत लोक चालत जातात; तेव्हा भाषणे त्याआधी उरकून घ्यावीत, आणि पाणी चढू लागण्यापूर्वी शेवटचा प्रेक्षक अलिबागच्या वाळूवर परतला आहे की नाही, हे पाहण्यासाठी एक माणूस मुद्दाम नेमावा.