जोड कोण लावतो?

नगर जिल्ह्यात चैत्र लागला की गावोगाव जत्रा सुरू होतात. पहिल्या रात्री छबिना आणि तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी, आणि दुपारी उन्हे कलली की कुस्त्या. या कुस्त्यांना आमच्याकडे हगामा म्हणतात. जिल्ह्याचे नाव कागदोपत्री आता अहिल्यानगर झाले आहे. हगामा मात्र हगामाच राहिला आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना या शब्दाचे हसू येईल, पण पारनेर, श्रीगोंदा, संगमनेरकडच्या शेतकऱ्याच्या पोराला विचारा, हा शब्द कानावर पडताच त्याचे दंड फुरफुरतात की नाही!

यंदा जयंतीनंतरच्या रविवारी पारनेर तालुक्यातल्या एका हगाम्याला मी गेलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही. ज्या मुलामुळे गेलो, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच रिंगणात उतरायचे आहे.

हे कुटुंब आपल्या बौद्धवस्तीतले. वडील सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार, म्हणून त्यांना रविवारची सुट्टी. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली, ती या घरातल्या फक्त एका माणसापर्यंत पोहोचली आहे. आई कांदा काढणीला जाते आणि कांद्याला रविवार कळत नाही. त्या दिवशी तिने रोजगार बुडवला. मुलगा नववीत. धाकटी मुलगी सहावीत. आणि आजोबा, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणते, वय पंचाहत्तरच्या पुढे.

सकाळी समाजमंदिरात वंदना झाली. जयंतीच्या निळ्या पताका अजून उतरवलेल्या नव्हत्या. वंदना संपल्यावर वस्तीतल्या दोन तरुणांनी मुलाच्या वडिलांना सरळच विचारले, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाचं पोरगं देवाच्या जत्रेत कशाला?" हा प्रश्न मला ओळखीचा होता, कारण पंधरा वर्षांपूर्वी याच वस्तीत मीच तो विचारला होता. जत्रेवर बहिष्कार टाका, असे भाषण मी या समाजमंदिराच्या पायरीवर उभा राहून ठोकले होते. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. या वेळी वहिनींनी, म्हणजे मुलाच्या आईने, उत्तर दिले, आणि ते त्या पोरांइतकेच मलाही होते.

"जत्रंत जाऊ नका म्हणता, बरं हाये. मग पोरानं कुस्ती कुठं करायची? आपल्या वस्तीत हौद हाये का? देवापुढं त्यो हात जोडायला चाललाय का? मातीत चाललाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पंधरा वर्षांत आम्ही वस्तीत कमान उभारली, वाचनालयाचा फलक लावला, ध्वनिक्षेपकाचा संच घेतला. पोरांना खेळायला वीतभर जागा काही मिळवली नाही.

मुलगा शेजारच्या गावातल्या तालमीत जातो. तिथले वस्ताद मराठा समाजाचे. पहिल्या दिवशी त्यांनी मुलाचे वजन विचारले, जात विचारली नाही. तालमीत मारुतीचे चित्र आहे. मुलगा मातीला हात लावून कपाळाला लावतो आणि सरावाला लागतो. वस्तादांनी त्यावरून कधी टोकले नाही. दूध आणि अंडी यांचा खर्च बापाच्या ओव्हरटाईमवर चालतो. बदामाचे नाव घरात निघत नाही.

आता आबांची गोष्ट. आबांचे वडील याच हगाम्यात हलगी वाजवायचे. हगामा म्हटले की हलगी आलीच. तिच्या ठेक्यावर पैलवान रिंगणात फिरतो, खडाखडी लागली की ठेका चढतो. महार वतनात जी कामे गळ्यात होती त्यांत आमच्या या भागात हेही एक. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आबांच्या वडिलांनी हलगी खाली ठेवली. पुढच्या जत्रेला बोलावणे आले, ते गेले नाहीत. गावाने बलुते बंद केले. आबा तेव्हा सात-आठ वर्षांचे. "आमी वरीसभर लोकाच्या कण्या खाल्ल्या, पर हलगी पुन्हा घेतली नाय," असे ते सांगतात. वतन निर्मूलनाचा कायदा १९५८ सालचा. या घराने तो त्याच्या आधीच केला होता.

मी त्यांना विचारले, तुमच्या लहानपणी आपली पोरे कुस्ती धरायची का? ते म्हणाले, "धरायची की. आपली आपल्याशी. ऊन डोक्यावर असताना, गाव यायच्या आधी."

यातली मेख वाचकांनी समजून घ्यावी. पळवणकर बाळू हे नाव आपल्याला ठाऊक आहे. चर्मकार समाजातला हा गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. त्याआधी पुण्यात त्याला चहा मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. हिंदू संघाला त्याची गोलंदाजी चालली, कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते पुढे १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. (हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला, हेही विसरू नये.) पण क्रिकेटमध्ये निदान बावीस यार्डांचे अंतर राखता येते. कुस्तीत कसे राखणार? तिथे छातीला छाती, मानेला मान, एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगावर. कुस्ती म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत शिवाशिव. म्हणून ती अडवायची तर रिंगणात अडवून भागत नाही, रिंगणाच्या बाहेरच अडवावी लागते. त्यासाठी एक साधे हत्यार आहे. त्याचे नाव, जोड न लावणे.

हगाम्यात नाव नोंदवलेले नसते. पोरगा लंगोट लावून, हात वर करून रिंगणाला फेरी मारतो. फेटेवाले पंच उंची आणि अंग पाहून दुसरा पोरगा शोधतात, दोघांना शेजारी उभे करतात आणि कुस्ती लावतात. आधी रेवड्यांवरच्या, मग पन्नासाच्या, शंभराच्या, अशा चढत चढत शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत. कोणाशी कोण, हे पंच ठरवतात.

आम्ही चारच्या सुमारास पोहोचलो. वहिनी आणि मुलगी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर इतर बायकांच्या शेजारी बसल्या. आबांच्या घरातली बाई हगाम्याला येण्याची ही पहिलीच वेळ. हलगीवाले दुसऱ्या तालुक्यातून आले होते, मातंग समाजाचे तिघे भाऊ. सुपारी ठरवून, अर्धे पैसे आधी घेऊन आलेले. आपल्यातले काही लोक त्यांच्याकडे पाहून नाक मुरडतात, ते मला पटत नाही. बलुत्यावर वाजवणे वेगळे आणि ठरवून घेतलेल्या मोबदल्यावर वाजवणे वेगळे. आबा तर त्यांच्याजवळच जाऊन बसले आणि त्यांची बोटे सबंध वेळ गुडघ्यावर चालत होती.

मुलाने एक फेरी मारली. दुसरी मारली. त्याच्यानंतर आलेल्या चार पोरांच्या कुस्त्या लागल्या. तिसऱ्या फेरीला एक पंच म्हणाले, "जोड नाय रे तुझ्या अंगाची." अंगाची की आणखी कशाची?

वडील पंचांकडे गेले. तिथे खरे कारण बाहेर आले. "तुमच्या वस्तीची वर्गणी नाय." वडिलांनी शांतपणे खिशातून पावती काढली. वस्तीने देवाला वर्गणी दिली नव्हती, पण कुस्तीसाठी पाचशे एक रुपये दिले होते, चिठ्ठीसह. चिठ्ठीत लिहिले होते, ही कुस्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मरणार्थ. इतक्यात वस्ताद फेटा सावरत आले. पंचांच्या कानाशी काय बोलले ते मला ऐकू आले नाही. तोवर दुसऱ्या गावचा, अंगाने थोडा थोराड असलेला एक पोरगा आपणहून पुढे झाला आणि म्हणाला, "मी धरतो." जोड लागली.

लाऊडस्पीकरवाल्याने चिठ्ठी हातात घेतली, वाचली आणि म्हणाला, "बौद्धवस्तीकडून पाचशे एक रुपये." बस्स. बाबासाहेबांचे नाव गाळले.

मी उठलो. माझ्या डोक्यात कलमे फिरू लागली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात सामाईक मालमत्तेचा वापर, सार्वजनिक करमणुकीची जागा आणि थेट जत्रांचा उल्लेख करून मिरवणुकांमधला सहभाग यांत अडथळा आणणे हा गुन्हा ठरवला आहे. हगाम्याचे रान गायरान आहे, म्हणजे गावाचे. देवाचे नाही, पंचांचेही नाही. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तळी, रस्ते यांच्या पंगतीला सार्वजनिक जागाही बसवल्या आहेत, त्या उगाच नव्हेत. पण मी वकील आहे, न्यायालयात काय टिकते ते मला माहीत आहे. "जोड नाय" या दोन शब्दांवर आरोपपत्र उभे राहत नाही. गाळलेल्या नावाचा पंचनामा होत नाही.

आबांनी माझा हात धरला. "आज नगं वकीलसाहेब. पोरगं रिंगणात हाये."

याच जिल्ह्यात खर्डा आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी तिथे आपल्या सतरा वर्षांच्या शाळकरी पोराचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. आबांना कलमे ठाऊक नाहीत, हा निकाल ठाऊक आहे. मी बसलो. बसलो हे बरोबर केले का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

कुस्ती लागली. सलामी झाली, हलगीने ठेका धरला. मुलाने एकेरी पट काढून त्या थोराड पोराला खाली घेतले आणि वर बसून घिस्सा ओढायला लागला. ट्रॉलीवर वहिनी उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या शेजारची अनोळखी बाईसुद्धा "वढ, वढ!" म्हणून ओरडत होती. खालच्या पोराचा एक खांदा मातीला लागला, दुसरा लागतो आहे असे वाटले, आणि पंचांनी शिट्टी मारली. वेळ संपली. बरोबरी. बक्षीस निम्मे निम्मे.

पंच खोटे वागले का? मला सांगता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये नगर शहरातच महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या कुस्तीवरून पाठ टेकली की नाही, याचा सबंध महाराष्ट्रभर काथ्याकूट झाला. राक्षेने पंचाला लाथ मारली ते चूकच. पण तिथे कॅमेरे होते, चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहता आली. गावच्या हगाम्यात निकालाचे सोडा, कुस्ती लागली की नाही याचीही नोंद राहत नाही.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या जयंतीला डीजेचे भाडे कमी करा आणि त्या पैशात गायरानावर हगामा भरवा. पंच सर्व समाजांचे घ्या, चिठ्ठ्या आहेत तशा वाचा, प्रत्येक जोडीची वहीत नोंद ठेवा. आणि ग्रामसभेत जत्रेच्या वर्गणीचा आणि कुस्तीच्या वर्गणीचा हिशेब वेगळा मागा. बहिष्काराचे माझे जुने भाषण मी मागे घेतो.

परतताना रसाच्या गाड्यावर थांबलो. तो थोराड पोरगा तिथेच होता, त्याच्याही कानात माती. त्याने आमच्या मुलाला विचारले, "पुढल्या रविवारी आमच्याकडं हगामा हाये, येतो का?" वडिलांना त्या रविवारी कंपनीत बोलावले होते. वहिनींचा कांदा संपणार होता. आबा म्हणाले, मी जातो पोराबरोबर. मीही येतो म्हणालो.

"या की," वहिनी म्हणाल्या, "पर वकिली घरी ठिवून या."