कळ दाबली म्हणजे अक्षर उमटले, असे नाही

अमरावती जिल्ह्यातल्या भातकुली तालुक्यातला माणूस ऑनलाइन अर्जात तालुक्याचे नाव लिहितो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्याला सात कळा दाबाव्या लागतात: भ, काना, त, क, उकार, ल, वेलांटी. 'भ'साठी शिफ्टही धरावा लागतो. वाचणाऱ्याला मात्र चारच अक्षरे दिसतात.

तरीही एक कळ म्हणजे एक अक्षर, असे धरूनच अनेक अर्जांचे प्रोग्राम लिहिले जातात. हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. ब्राउझरचा कीडाउन इव्हेंट एवढेच सांगतो की कळ दाबली गेली. मजकुरात काय उतरले ते इनपुट इव्हेंट सांगतो. विंडोजच्या इनस्क्रिप्टवर शिफ्टसह ७ दाबले की 'क्ष' उमटतो. कळ एक, पण युनिकोडचे संकेत तीन: क, हलन्त, ष. मोबाइलवर तर अँड्रॉइडचा कीबोर्ड बऱ्याचदा प्रत्येक कळेसाठी २२९ हा एकच क्रमांक पाठवतो. कोणती कळ, ते कळतच नाही. बोलून लिहिलेल्या किंवा माउसने पेस्ट केलेल्या मजकुराला तर कळच नसते.

'नावात फक्त अक्षरे चालतील' ही तपासणीही अशीच फसवी. युनिकोडच्या वर्गवारीत काना, उकार, वेलांटी ही अक्षरे नाहीत, चिन्हे आहेत. नियमात फक्त अक्षरवर्ग ठेवला तर 'भातकुली' चुकीचे ठरते. मराठी माणसाला स्वतःच्या गावाचे नाव नाकारणारा अर्ज सदोषच म्हणायचा. अक्षरांसोबत चिन्हांचा वर्गही घ्या आणि तपासणी कळेवर न करता पूर्ण मजकुरावर करा.

एंटर दाबला म्हणजे अर्ज पाठवायचा, हेही नेहमी खरे नसते. रोमन लिपीत टाइप करून मराठी शब्द निवडताना एंटर त्या निवडीसाठी असू शकतो. इव्हेंटचा 'इज-कंपोझिंग' हा गुणधर्म खरा असेल, म्हणजे शब्द अजून जुळवला जात असेल, तर थांबा. कीप्रेस हा इव्हेंट तर आता कालबाह्य ठरवला आहे. नव्या कामात तो नकोच.

मग कळेचे इव्हेंट कशासाठी? शॉर्टकट, बाणांच्या कळा, एस्केप यांसाठी. तिथेही 'जे' दाबल्यावर इनस्क्रिप्टवर 'की' या गुणधर्मात 'र' येतो. कीबोर्डवरची कळेची जागा हवी असेल तर 'कोड' हा गुणधर्म वाचा. शिवाय कळ दाबून धरली की कीडाउन पुन्हा पुन्हा येतो.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना विनंती: अर्ज लोकांपुढे ठेवण्याआधी तो इनस्क्रिप्टने, मोबाइलवर, बोलून आणि पेस्ट करून मराठीत एकदा पूर्ण भरून पाहा.