मोटारीतला हसवणारा वायू

हंफ्री डेव्हीने १७९९ साली स्वतः हुंगून पाहिलेला हसवणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, आज शर्यतीच्या मोटारीत क्षणभराचा जादा जोर म्हणून वापरतात. तो स्वतः जळत नाही. इंजिनाच्या उष्णतेने फुटून तो प्राणवायू देतो, आणि मग जादा इंधन जळू शकते. वजनाने त्यात प्राणवायू ३६ टक्के असतो, हवेत २३.

बाटलीत हा वायू द्रवरूप असतो, आणि निगराणीची खरी मेख इथेच आहे. तपमान तेच असेल, तर द्रव संपेपर्यंत दाबाचा काटा ढळत नाही. काटा आपल्याला तपमान सांगतो, साठा नव्हे! म्हणून बाटली तराजूवर घालावी आणि रिकामीचे वजन वजा करावे.

आता काल्हेरचेच घ्या. ठाणे-भिवंडी रस्त्यावरच्या पत्र्याच्या गोदामात वैशाखात ३६.४ अंश सहज ओलांडतात. त्यापुढे हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही. दाब झपाट्याने चढतो. मग इंजिनात वायू जास्त जातो, इंधन मात्र तेवढेच. मिश्रण कोरडे पडते आणि दट्ट्या वितळतो. डेव्हीला हसू आले होते, मोटारीच्या मालकाला येत नाही. म्हणून बाटली सावलीत ठेवावी. दाब वाढताच फुटणारी सुरक्षा-चकती कधीही बुजवू नये. झडपेला तेल किंवा ग्रीज लावू नये. दाबाखालच्या या वायूत ते पेट घेऊ शकते.

नळी सोडण्यापूर्वी आपण बाटली बंद करावी, नळीतला दाब मोकळ्या हवेत सोडावा आणि हातमोजे घालावेत. उसळून बाहेर पडणारा द्रव उणे ८८ अंशांपर्यंत थंड होतो; बोटावर पडला तर कातडी गोठते.